स्टॉन्टन म्हणजे दगडवाडी : एका आडनावाचा अर्थ आणि वापर

आमच्यापैकी एकजण शिरूरला शिकवतो, दुसरा दौंडला. एम. ए. मराठीच्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेसाठी आम्ही दोघांनी मिळून विद्यार्थ्यांना एक छोटा प्रकल्प दिला होता : आपल्या परिसरातील एखाद्या स्थलनामाचा किंवा आडनावाचा अर्थ शोधावा आणि तो कशावरून ठरवला हे सांगावे. दौंडच्या एका विद्यार्थिनीने लिहिले की, जुन्या इंग्रजी नकाशांत दौंडचे नाव रोमन लिपीत 'डी-एच-ओ-एन-डी' असे छापलेले आहे. ते 'धोंड' असे वाचता येते. धोंड म्हणजे मोठा दगड. तेव्हा गावाचे नाव भीमेच्या पात्रातील खडकांवरून पडले असावे. आम्ही तिचे गुण कापले. परकीय लिपीतील लेखन हा मूळ उच्चाराचा पुरावा होत नाही, असा शेराही मारला.

पुढे सगळ्या वर्गाला घेऊन आम्ही पेरणे येथील जयस्तंभ पाहायला गेलो. स्तंभावरील शिलालेखाजवळ उभे राहून आम्ही कॅप्टन स्टॉन्टन या नावाची व्युत्पत्ती सांगितली. ती तयारी आम्ही मुद्दाम केली होती. तेव्हा त्याच विद्यार्थिनीने विचारले, "सर, या दगडावर एवढी नावं आहेत. अर्थ तुम्ही एकट्या साहेबाच्याच नावाचा का सांगितलात?"

त्या क्षणी आम्हांला उत्तर सुचले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

प्रथम साहेबाच्या नावाविषयी. 'स्टॉन्टन' हे इंग्लंडमधील एक स्थलनाम आहे आणि त्यावरून आलेले, फारसे न आढळणारे आडनावही आहे. ग्लॉस्टरशर, हेरफर्डशर, नॉटिंगहॅमशर, लेस्टरशर या परगण्यांत या नावाची खेडी आहेत. जुन्या इंग्रजीतील 'स्टान' म्हणजे दगड आणि 'टून' म्हणजे कुंपण घातलेली जागा, शेतवाडी, वस्ती. या दोहोंपासून हे नाव बनले. 'टून' हाच शब्द पुढे 'टाउन' झाला. त्याचा जर्मन भावंडशब्द 'त्साउन' आजही कुंपण या अर्थीच वापरतात. कुंपणाचा शब्द वस्तीसाठी रूढ होणे मराठी माणसाला नवलाचे वाटू नये. आपली 'वाडी'ही संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, कुंपणातली जागा या शब्दाकडेच जाते. तेव्हा स्टॉन्टनचे सरळ मराठी 'दगडवाडी' असे होते, आणि या नावाच्या वस्त्या महाराष्ट्रातही आहेत.

दगड कुठला, हे मात्र प्रत्येक स्टॉन्टनपाशी वेगळे विचारावे लागते. कुठे जमीन खडकाळ असेल, कुठे दगडी बांधकाम असेल, कुठे एखादी ठळक शिळा असेल. ग्लॉस्टरशरमधील स्टॉन्टनच्या वर टेकडीवर 'बक स्टोन' नावाची एक डुलणारी प्रचंड शिळा होती. १८८५ मध्ये काही फिरत्या नटांनी गंमत म्हणून ती ढकलून खाली पाडली. नंतर ती वर चढवून सिमेंटने पक्की बसवण्यात आली. तेव्हापासून ती डुलत नाही. व्युत्पत्तीचा अभ्यास करताना ही गोष्ट आम्हांला वारंवार आठवते. नावाचा अर्थ आपण कोशात पक्का बसवतो खरा, पण बसवलेला दगड हलत नाही, हेही तितकेच खरे.

या नावाच्या लेखनातही एक कारकुनी हात आहे. मुळात 'स्टॅन्टन' आणि 'स्टॉन्टन' ही नावे एकच. त्यातील 'ए' पुढचे 'यू' हे अक्षर नॉर्मन फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी आणले. १०६६ नंतर इंग्लंडचा दप्तरी व्यवहार ज्यांच्या हाती गेला, त्यांनी आपल्या कानाला आणि आपल्या लेखनपद्धतीला रुचेल तशी इंग्रजी गावे लिहिली. पुढे उच्चार लेखनाच्या मागे गेला. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात स्टॉन्टन नावाचे शहर आहे. तेथील लोक मात्र लेखनातील 'यू' बाजूला ठेवून 'स्टॅन्टन' म्हणतात. एका नावाचे दोन उच्चार होतात ते असे, आणि त्यातला कोणताही चुकीचा नसतो.

आता गावाचे नाव माणसाचे कसे होते ते पाहू. मध्ययुगीन इंग्लंडच्या कागदपत्रांत 'अमुक द स्टॅन्टन' अशी नावे येतात. या 'द'चे काम आणि आपल्या 'कर'चे काम एकच : 'तेथला'. पुढे इंग्रजीत तो 'द' गळून पडला आणि नुसते गाव आडनाव म्हणून उरले. मराठीत 'कर' टिकला. त्यामुळे मराठी आडनाव पाहताच हे गावावरून आले हे कळते, इंग्रजीत ते कोशात पाहावे लागते. रीनी यांचा ब्रिटिश आडनावांचा कोश १९५८ मध्ये आला, त्याआधी १९३६ मध्ये एकवॉल यांचा इंग्रजी स्थलनामांचा कोश आला, आणि त्याहीआधी १९२३ मध्ये तेथे स्थलनामांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. प्रत्येक नावाची जुन्यात जुनी नोंद कोणत्या कागदात, कोणत्या साली, कोणत्या लेखनाने सापडते, हे आधी मांडायचे आणि अर्थ नंतर सांगायचा, ही त्या परंपरेची शिस्त. आपल्याकडे राजवाड्यांनी स्थलनामांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी दिली, कृ. पां. कुलकर्ण्यांनी १९४६ मध्ये मराठी व्युत्पत्तिकोश दिला. परंतु गावोगावच्या नावांची सालवार नोंद करण्याचे चिकाटीचे काम मागेच राहिले.

गावावरून पडलेल्या आडनावाची आणखी एक गंमत आहे. ते त्या गावात पडत नाही. सासवडात राहणाऱ्याला सासवडकर म्हणण्याचे कारणच काय? गाव सुटले, माणूस दुसरीकडे गेला, तेथे त्याला ओळखायचे कसे असा प्रश्न पडला, की 'कर' लागतो. आमच्या हजेरीपटावरचे दौंडकर शिरूर तालुक्यातले आहेत, दौंडचे नव्हेत. तेव्हा असे आडनाव म्हणजे वास्तव्याचा दाखला नसून स्थलांतराचा दाखला असतो. दगडवाडीचे लोक दगडवाडी सोडून गेले, म्हणून ते स्टॉन्टन झाले.

आणि ते फार दूर गेले. जॉर्ज लिओनार्ड स्टॉन्टन हे आयर्लंडमधील गॉलवे परगण्यात जन्मले. १७८४ मध्ये टिपू सुलतानाशी झालेल्या मंगळूरच्या तहाच्या वाटाघाटींत ते कंपनीच्या बाजूने होते, आणि १७९३ मध्ये मॅकार्टनी यांच्या वकिलातीबरोबर चीनला गेले. हॉवर्ड स्टॉन्टन (१८१०–१८७४) हे बुद्धिबळपटू. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांना शेक्सपिअरच्या नाटकांचे एक संपादक म्हणूनही ओळखायला हवे. १८४९ मध्ये नॅथॅनियल कुक यांनी नोंदवलेल्या सोंगट्यांच्या नमुन्याला त्यांचे नाव मिळाले, आणि आजही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 'स्टॉन्टन' घडणीच्याच सोंगट्या मांडतात. व्हर्जिनियातील शहराला ते नाव मिळाले ते गव्हर्नर गूच यांच्या पत्नीच्या माहेरच्या आडनावावरून, असे सांगतात. गावाचे आडनाव झाले आणि आडनावाचे पुन्हा गाव झाले. या साऱ्या प्रवासात 'दगड' हा अर्थ कोणाच्याही ध्यानीमनी नव्हता. लाकडी सोंगट्यांना कोणी दगडवाडीच्या सोंगट्या म्हणत नाही. नाव वापरात आले की अर्थ झिजतो; किंबहुना अर्थ झिजल्याशिवाय नाव नाव होतच नाही.

हेच नाव शिरूरला आले ते कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टनबरोबर. वसईच्या तहानंतर (१८०२) कंपनीच्या फौजेची एक मोठी छावणी घोड नदीच्या काठी शिरूर येथे होती. शिरूरचे 'घोडनदी' हे दुसरे नाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून असते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री स्टॉन्टनची तुकडी पुण्याच्या दिशेने निघाली : मुंबईच्या देशी पायदळाची एक पलटण, पुण्याचे सहायक घोडदळ आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा, मिळून सुमारे ८३४ माणसे. सकाळी कोरेगावपाशी भीमेच्या पलीकडे दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य दिसले. इंग्रजी नोंदींप्रमाणे ते २५ हजारांहून अधिक होते, पण प्रत्यक्ष गावात शिरून लढले ते त्यातील पायदळाचे काही भाग. दिवसभर गावात लढाई झाली. तुकडीतील २७५ जण मारले गेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. रात्री पेशव्यांचे सैन्य मागे सरले. स्टॉन्टन पुण्याला न जाता उरलेल्या माणसांसह शिरूरला परतला. लढाईच्या निकालाविषयी आणि अर्थाविषयी इतिहासकारांत वाद आहेत. त्यांत आम्ही येथे शिरत नाही. आमचा विषय नावे.

१८२१ मध्ये नदीच्या अलीकडे पेरण्याच्या हद्दीत स्तंभाचा पाया घातला गेला. कोरेगाव शिरूर तालुक्यात आणि स्तंभ हवेली तालुक्यात, अशी ही विभागणी आहे. सुमारे ६५ फूट उंचीच्या त्या दगडी स्तंभावर लेख कोरले गेले, आणि दगडवाडीच्या माणसाचे नाव दगडावर आले. या योगायोगाची गंमत आम्ही वर्गाला मोठ्या हौसेने सांगितली होती. तिच्यात इतिहास काहीच नाही, हे आता कबूल करायला हवे. स्तंभ उभारणाऱ्यांच्या मनात असा श्लेष असण्याचे कारण नव्हते. आम्ही कोशातला अर्थ उचलून दगडावर चिकटवला. दौंडच्या विद्यार्थिनीने नकाशातल्या स्पेलिंगचे केले, त्याहून हे फार वेगळे नव्हते.

आता उरलेली नावे. स्तंभावर पडलेल्या शिपायांची ४९ नावे आहेत आणि त्यांपैकी २२ नावे 'नाक' या प्रत्ययाने ओळखली जातात. महार समाजातील पुरुषांच्या नावांना हा प्रत्यय लागत असे. रायनाक, शिदनाक ही नावे मराठी इतिहासाच्या वाचकांना परिचित आहेत. 'नाक'चा संबंध बहुतेक जण 'नायक' शब्दाशी जोडतात, काही जण 'नाग' शब्दाशी. पहिली व्युत्पत्ती ध्वनिदृष्ट्या सोपी आहे आणि अर्थदृष्ट्या बोलकी आहे, कारण मग हा प्रत्यय मुळात मानाचा ठरतो. पण वापराने त्याचे काय केले? ज्या प्रत्ययात एकेकाळी नायकपण असावे, तोच प्रत्यय ऐकताच समोरच्याला जात कळावी अशी खूण झाला. 'स्टॉन्टन'चा अर्थ झिजला तो निरुपद्रवी रीतीने. 'नाक'चा अर्थ झिजला आणि त्या जागी दुसरा, जाचक अर्थ येऊन बसला. कोशात दोन्ही नोंदी शेजारी मांडल्या तर सारख्याच दिसतील. माणसांच्या आयुष्यात त्या सारख्या नव्हत्या.

आणि तरीही त्या दगडाने एक काम केले. एरवी गावकामगारांच्या नोंदीपलीकडे ज्यांची नावे कोठे टिकली नसती, त्यांची नावे साहेबाच्या नावाबरोबर एकाच शिळेवर आली. ज्या सत्तेने ती कोरली, तिनेच १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती थांबवली. तेव्हा ही कोरलेली नावे सरकारच्या दारी पुरावा म्हणून सांगता आली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशी आले. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या आरंभीच्या बोधचिन्हात हा स्तंभ होता. आज १ जानेवारीला लाखो माणसे येतात, ती स्टॉन्टनचे नाव वाचायला येत नाहीत.

बाबासाहेबांच्या आडनावाकडेही या दृष्टीने पाहता येते. कुळाचे नाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, आणि आडनाव गावावरून 'कर' लावून आलेले. म्हणजे जो मार्ग स्टॅन्टनच्या रहिवाशांनी मध्ययुगात धरला, तोच हा. 'नाक' सांगतो की तू जन्माने कोण. 'कर' सांगतो की तू कुठला. असंख्य कुटुंबांनी विसाव्या शतकात शाळेच्या दाखल्यावर पहिले पुसून दुसरे लिहिले. आमच्या एका विद्यार्थ्याने सांगितले की, त्याच्या पणजोबांचे नाव जुन्या नोंदीत 'नाक' लावून आहे, आजोबांच्या दाखल्यावर नुसते बापाचे नाव आहे, आणि वडिलांपासून पुढे गावावरून आडनाव आहे. तीन कागदांत एका घराण्याचा शंभर वर्षांचा सामाजिक इतिहास आला. हा मजकूर कोणत्याही व्युत्पत्तिकोशात सापडणार नाही.

शिरूरमध्ये आणखी एक साहेबी नाव होते, त्याची गती निराळी झाली. कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला. त्याची कबर शिरूरच्या जुन्या दफनभूमीत आहे. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने नोंदवले आहे की, आसपासच्या गावांतील लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणून मानत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य कबरीपाशी आणत. वॉलेस या आडनावाचा मूळ अर्थ 'वेल्श', आणि त्याच्याही मागे जाता 'परका, परभाषी'. सॅक्सन टोळ्यांनी बेटावरच्या मूळ रहिवाशांनाच परके म्हटले, आणि ते आडनाव होऊन बसले. परका या अर्थाचे नाव घेऊन आलेला माणूस येथे गावचा सत्पुरुष झाला. गॅझेटियरने त्याचे आडनाव जपले. नैवेद्य आणणाऱ्यांना त्या आडनावाची गरज नव्हती. एकाचे नाव दगडावर राहिले आणि दुसऱ्याचे नाव विसरून त्याला नवे नाव मिळाले. वापराचा अधिकार तो हाच.

आता पुन्हा दौंडकडे. १८७८ मध्ये मनमाडला जोडणारा लोहमार्ग सुरू झाला, तो इंग्रजी कागदांत 'धोंड–मनमाड' असा वाचता येईल अशाच अक्षरांत नोंदला गेला. रोमन 'डी'पासून द, ड दोन्ही निघतात. 'एच' जोडले की ध, ढ. आणि 'ओ'मागे ओ आहे की औ, हे अक्षर सांगत नाही. कोरेगावचे त्या काळी 'कोरीगॉम', 'कोरेगाम' झाले, बेळगावचे 'बेलगाम' झाले. तेथे मात्र लेखनिकाने निदान 'गांव'मधील अनुनासिक ऐकले होते, असे म्हणता येते. म्हणजे परकीय लेखन अगदीच टाकाऊ नाही. ते साक्षीदार आहे, पण उलटतपासणी केल्याशिवाय त्याची साक्ष घ्यायची नाही.

'धोंड' हे आडनाव मराठीत आहेच. 'ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी'चे लेखक म. वा. धोंड (१९१४–२००७) यांना आमचे सर्व वाचक ओळखतात, चित्रकार प्र. अ. धोंड यांचे 'रापण'ही अनेकांनी वाचले असेल. ही कोकणातली घराणी. दौंडशी त्यांचा संबंध नाही. एखाद्या परदेशी अभ्यासकाने जुना लोहमार्गाचा नकाशा आणि या ग्रंथांची रोमन लिपीतील सूची शेजारी ठेवली, तर आडनाव या जंक्शनावरून आले असे तो सहज लिहून मोकळा होईल. म. वा. धोंडांनी जन्मभर शब्दाचा अर्थ त्याच्या काळाच्या आणि लोकव्यवहाराच्या संदर्भात लावून दाखवला. त्यांच्याच आडनावाबाबत असा घोटाळा होणे अगदी शक्य आहे, ही गोष्ट आम्ही आता दरवर्षी वर्गात सांगतो.

धोंडा या शब्दाचा मराठी व्यवहार मात्र पाहण्यासारखा आहे. मुले जगत नसली की पुढच्या मुलाचे नाव धोंडो, धोंडू, धोंडिबा ठेवत. दगडासारखा टिकावा, आणि मृत्यूची नजर अशा नावावर पडू नये. अधिक महिन्याला आपण 'धोंड्याचा महिना' म्हणतो. शाळेत मास्तर म्हणत तो 'धोंडा' निराळाच. एकाच शब्दात आईची प्रार्थना, पंचांगाची अडचण आणि मास्तरांचा संताप मावतो. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) हे १०४ वर्षे जगले. येथे नावाने आपला शब्द पाळला असे म्हणण्याचा मोह होतो, पण तोही मोहच.

तेव्हा त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर काय? खरे उत्तर असे की, स्टॉन्टनचा अर्थ आम्ही सांगितला, कारण तो कोशात तयार होता. दुसऱ्या नावांचा सांगितला नाही, कारण त्यांचा कोश कोणी केलेला नाही. पण कोश नसणे म्हणजे अर्थ नसणे नव्हे. व्युत्पत्ती सांगते ती नाव कोठे जन्मले एवढेच; ते पुढे कोणाच्या तोंडी कसे जगले, कोणी ते मिरवले, कोणाला ते लपवावे लागले, कोणी बदलले, हे वापर सांगतो. पहिल्यासाठी ग्रंथालय पुरते, दुसऱ्यासाठी माणसांकडे जावे लागते.

यंदा प्रकल्पाचा विषय आम्ही बदलला आहे. गावाच्या नावाचा अर्थ आता विचारत नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील तीन पिढ्यांचे दाखले, सातबारे, लग्नपत्रिका पाहाव्यात आणि नाव प्रत्येक कागदावर कसे लिहिले आहे, ते केव्हा व का बदलले, हे घरच्यांना विचारून लिहावे; ज्याला सांगायचे नसेल त्याने सांगू नये. पहिला प्रकल्प त्याच विद्यार्थिनीचा आला. तिने आजीच्या जन्मदाखल्यावर गावाचे नाव कसे लिहिले आहे ते दाखवले, साल लिहिले, कारकुनाचे अक्षर जसेच्या तसे उतरवले, आणि खाली एकच वाक्य जोडले : अर्थ अजून सांगता येत नाही.

आम्ही तिला पूर्ण गुण दिले.